मे महिन्याचा शेवटचा रविवार

नातीच्या मोबाईलमध्ये मोटारींच्या शर्यतींचं वर्षभराचं वेळापत्रक असतं. किती दिवस उरले, किती तास उरले, सगळं ते यंत्र आपणहून मोजतं. ती मे महिन्यात सुट्टीला सानगडीला आली की सकाळी चहाच्या वेळी मला वाचून दाखवते, "आजी, आणखी चार दिवस, दहा तास." मी मान हलवते. तिला वाटतं म्हाताऱ्या माणसाला कौतुक वाटत असेल. मला कौतुक वाटत नाही, हेवा वाटतो. हा मोबाईल माझ्या हातात वीस-बावीस वर्षांपूर्वी असता तर एका बाईची फजिती टळली असती. ती बाई म्हणजे मीच. पण आता तिच्याशी माझा फारसा संबंध राहिलेला नाही, म्हणून मोकळेपणी सांगते.

ती बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. चौथीला गणित शिकवायची. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जुनाच होता आणि मुलं गोंदियाही आपल्याच जिल्ह्यात दाखवायची. बाई मोपेडवर शाळेत जायची. उतारावर, वारा मागून असला तर, ती मोपेड चाळीसला पोचायची. बाईला वाटायचं आपण उडून राहिलो.

शर्यतीचं वेड तसं आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. हिवाळ्यात गावोगाव शंकरपट भरतात. बैलांच्या जोड्या धावतात, घरोघर पाहुणे येतात. पटाच्या निमित्तानं पोरी पाहिल्या जातात, पोरं दाखवली जातात, पुष्कळ सोयरिकी तिथंच जुळतात. लहानपणी मला बैल हाकायचा होता. पोरींना कोणी हाकू देत नव्हतं. मग मी पटाच्या बाजूनं, जोडीच्या बरोबरीनं धावायची आणि आई मागून ओरडायची. पुढं लग्न झालं, मास्तरीण झाले, धावणं सुटलं.

मग गावात केबल आली. केबलवाला माझा जुना विद्यार्थी, पाढ्यांत कच्चा पण तारांत पक्का. एका रविवारी संध्याकाळी बटन दाबता दाबता मला त्या मोटारी दिसल्या. जमिनीला चिकटलेल्या, लांब नाकाच्या, माशीसारखा आवाज करणाऱ्या. त्या कुठं पोचतात ते पाहू म्हणून मी थांबले. पोचल्याच नाहीत. फिरून तिथंच आल्या. शेतावरून आलेल्या माझ्या मालकांनी पाय धुता धुता विचारलं, "कुठं चालले हे?"

"कुठंच नाही जी. गोल फिरून राहिले."

"मंग एवढी घाई कायले?"

मी तरी शेवटपर्यंत पाहिलं. दुसऱ्या शर्यतीला माझी मुलगी शेजारी येऊन बसली. ती तेव्हा कॉलेजात होती. तिसऱ्या शर्यतीपर्यंत आमचे पक्ष ठरले होते. मी लाल गाडीवाल्याची, ती चंदेरी गाडीवाल्याची. त्या गाडीवाल्यांची नावं आम्हाला येत होती, पण आम्ही घेत नसू. "तुझावाला" आणि "माझावाला" एवढंच. एकदा शेजारीण ऐकत होती. तिला काय वाटलं कोण जाणे, चार दिवस बोलली नाही.

सगळ्या शर्यतींत आमची लाडकी एकच. मे महिन्यात होणारी, समुद्राकाठच्या एका टिकलीएवढ्या शहरातली. तिथं वेगळं मैदानच नाही. शहरातल्याच रस्त्यांवरून, दुकानांसमोरून, एका बोगद्यातून गाड्या जातात. दोन्ही बाजूंना कठडे, आणि रस्ता एवढा अरुंद की पुढच्याला मागे टाकणं म्हणजे सानगडीच्या बाजारातून बाजाराच्या दिवशी भरलेला ट्रॅक्टर काढणं. त्यातच एक वळण असं आहे की गाड्यांना तिथं जवळजवळ थांबावं लागतं. मुलीनं कुठंतरी वाचलं होतं, त्या वळणावर त्यांचा वेग पंचेचाळीसच्या आसपास असतो. हे ऐकल्यापासून मी त्या वळणाकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. तेवढ्या एका वळणावर मी माझ्या मोपेडवर त्यांच्या मागोमाग राहू शकले असते. बाईला हे खरंच वाटायचं. चाळीस वर्षांची बाई, चौथीला गणित शिकवणारी.

त्या शर्यतीची तयारी आम्ही आठ दिवस आधीपासून करायचो. शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला लागते. पहिली अडचण लोडशेडिंगची. कोणत्या हप्त्यात किती ते किती लाईन जाणार, हे लाईनमनच्या घरी जाऊन विचारून यायचं. साडेपाच त्यात येत असले तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून तिच्यावर लहान टीव्ही लावायचा. दुसरी अडचण केबलची. केबलवाल्याकडं चॅनल मोजके; खेळांचं चॅनल लावायचं तर भजनांचं काढावं लागायचं. मी त्याला आदल्या दिवशी निरोप धाडायची, रविवारी साडेपाच ते साडेसात. तो म्हणायचा, "होय मॅडम, पण बुढ्या माणसायचे फोन येतात मले." मी म्हणायची, "सांग, मॅडमले सांगा म्हणा." कोणी कधी सांगायला आलं नाही. तिसरी गोष्ट खाण्याची. लाखोरीच्या डाळीचे वडे आणि कैरीचं पन्हं. हे फक्त याच शर्यतीला. बाकीच्या शर्यतींना मुरमुरे.

शर्यत सुरू व्हायच्या आधीचे ते तीन-चार दिवस मला शर्यतीपेक्षा जास्त आवडायचे, हे कबूल करते. शर्यतीत कधीकधी काहीच होत नाही. पण आधीच्या दिवसांत सगळं होऊ शकतं. चंदेरीवाला कठड्यावर आदळू शकतो.

आमची लाडकी शर्यत मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी होते, हे मी शोधून काढलं होतं. पुरावा म्हणून दोन वर्षांची कॅलेंडरं जपून ठेवली होती. दोन्हींत शेवटच्या रविवारभोवती लाल पेनानं गोल. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे मी वर्गात खडूनं फळ्यावर लिहून सांगायची. घरी आल्यावर हात धुवायची, तेव्हा खडूबरोबर तेही धुतलं जात असावं.

त्या हिवाळ्यात शेजारच्या गावच्या पटात मुलीची सोयरीक जुळली. मुलगा पवनीकडचा, नोकरीवाला, घरची शेती. मुलगी मुलाला आवडली, मुलगा मुलीला आवडला. मलाही आवडला, कारण जोड्या सुटताना तो बाकीच्यांसारखा पाहुण्यांशी बोलत बसला नाही. तो उभा राहून पाहत होता. मार्च महिन्यात त्याचे वडील, म्हणजे आमच्याकडं म्हणतात तसे इवाई, तारीख ठरवायला आमच्या घरी आले.

आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. माझ्या आजे-सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात पंचांग आलं नाही. तारीख ठरवायची ती सोयीनं. नोकरीवाल्यांना सुट्टी हवी म्हणून रविवार, शाळा बंद हव्यात म्हणून मे, एवढंच. हे मी नेहमी अभिमानानं सांगत आले. त्या दिवशी मात्र पंचांग नसल्याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. कारण इवायांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मे महिन्याचा शेवटचा रविवार आमाले जमते. त्याच्या आधीचे सारे रविवार आमच्याकडं लगनंच लगनं हायेत."

"जमते," माझे मालक म्हणाले. "आमालेबी जमते."

आतल्या दारात मुलगी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं.

इथं मला खरं सांगायला हवं. तिचं लग्न थांबावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. ती पवनीला जाणार, तिथं सासू-सासरे, दीर-नणंदा. रविवारी संध्याकाळी साडेपाचला, घरात पाहुणे असताना, नवी सून मोटारी पाहत बसेल असं कोणतं घर होतं तेव्हा? म्हणजे आमची दोघींची ही शेवटची मोठी शर्यत. मला ती एक हवी होती. ती माझ्या घरात, माझ्या शेजारी बसलेली, वडे खात, चंदेरीवाल्याची बाजू घेऊन भांडत. एवढंच. त्यासाठी लग्न शर्यतीच्या नंतर व्हायला हवं होतं. मुहूर्त नाही, अमावस्या नाही, गुरुबळ नाही. मग मी काय केलं, तर इवायांच्या धानाला हात घातला.

"इवाईजी," मी म्हटलं, "तुमच्याकडं उन्हाळी धान हाय ना?"

"हाय ना, इहीनबाई. चार एकर."

"मंग मेच्या शेवटी तं तुमचं धान चुरायचं राह्यन. एकीकडं खळ्यावर मळणी, एकीकडं घरी लगन. माणसं कुठं कुठं पुरवान? एक हप्ता पुढं घेऊ ना. जूनचा पहिला रविवार. मृगाच्या आधी होऊन जाते."

मालकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि मी आजवर कोणाच्या धानाची काळजी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या धानाचीही नाही.

इवाई मात्र माझ्या मालकांकडं वळून म्हणाले, "आजवर कोण्या पोरीवाल्यानं आमच्या धानाचा विचार नाही केला, बावा. आमची पोरगी तुमच्यात सुखात राह्यन का हे सारेच पुसतात. धान चुरून झालं का, हे ह्या बाईनं पुसलं." आणि जूनचा पहिला रविवार ठरला. पत्रिकेत वेळ टाकली दुपारी चार.

पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, त्यायचं धान तुले आजच काहून दिसलं?"

"तू वडे कोणत्या डाळीचे करायचे ते पाह्य," मी म्हटलं.

मे महिना आला. ऊन असं की दुपारी मांजर माठाच्या फडक्याला चिकटून बसायचं. पत्रिका वाटून झाल्या. शेवटच्या रविवारचा हप्ता उजाडला. लाईनमनकडून कळलं की रविवारी लाईन दुपारी जाऊन पाचला येणार. म्हणजे बॅटरीचीही गरज नाही. सगळं माझ्या बाजूचं होतं. त्या शर्यतीचा सराव शुक्रवारी नसतो, गुरुवारी असतो, हेही आम्हाला माहीत होतं. गुरुवारी दुपारी मी टीव्ही लावला. लाल मातीच्या मैदानावर दोन बाया टेनिस खेळत होत्या.

मी केबलवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "मॅडम, चायनल तं तेच हाय. टेनिस सुरू हाय तं टेनिस दिसन."

"तुझी छत्री फिरली असन. वाऱ्यानं."

"वारा कुठं हाय, मॅडम? पान हालून नाही राहिलं."

"पाह्य तं खरं."

भर दुपारी, मे महिन्याच्या त्या उन्हात, तो छतावर चढला आणि तापलेली छत्री रुमालानं धरून इकडून तिकडं फिरवली. मी खाली सावलीत उभी राहून सूचना देत होते. अर्ध्या तासानं तो खाली आला तेव्हा त्याचं तोंड विटेसारखं झालं होतं. घरी येऊन पाहते तर बायांच्या जागी दोन बाप्ये टेनिस खेळत होते. मला वाटलं, सुधारतंय.

शनिवारीही टेनिस. तोवर माझ्या मनात शंका आली असेल, असं कोणालाही वाटेल. आली नाही. माझ्याकडं दोन कॅलेंडरं होती. रविवारी सकाळी डाळ भिजली, चारला पन्हं झालं, पाचला लाईन आली. साडेपाचला आम्ही दोघी टीव्हीसमोर. वड्यांची परात मधे. मालकही आले, वड्यांसाठी. टीव्ही लावला. टेनिस.

पावणेसहा झाले. मुलीनं एक वडा संपवला, दुसरा घेतला. मग उठली, आत गेली, आणि पलंगाच्या गादीखालून वर्तमानपत्र काढून आणलं. बुधवारचं. खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात दोन बोटांएवढी बातमी. शर्यत पुढच्या रविवारी.

मी ती बातमी दोनदा वाचली. "तुले मालूम होतं?"

"बुधवारपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू त्या पोरीवाल्यांचं धान चुरून राहिली होती ना, म्हटलं चुरू दे." मग हसू दाबत म्हणाली, "खरं तं गुरुवारी सांगणार होती. पण तू त्या बिचाऱ्याले छतावर चढवलं, मंग कसं सांगू? मले लाज वाटली."

"पोरीवाले नाही, पोरावाले," मालक म्हणाले. मग वडा तोंडाशी नेता नेता थांबले. "पुढच्या रविवारी तं लगन हाय."

ते आमच्या दोघींच्या केव्हाच लक्षात आलं होतं. इवायांनी मागितलेला रविवार मोकळा होता. तो मी हातानं बाजूला सारला होता, आणि लग्न उचलून नेमकं शर्यतीच्या पाटावर बसवलं होतं. इवायांच्या धानाची पत राखून. टीव्हीवर कोणीतरी चेंडू जाळीत मारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"चारची वेळ हाय," मुलगी हळूच म्हणाली. "आपलं लगन अर्ध्या घंट्यात होते."

हे खरं आहे. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, हार, झालं. आमच्या लग्नाइतकं आटोपशीर लग्न कुठं होत नाही.

"अन् भाषणं?" मालकांनी विचारलं.

आमच्यात लग्न अर्ध्या तासाचं आणि भाषणं दोन तासांची. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसतात आणि समाजातला एकेक मोठा माणूस उठून संसार कसा करावा ते सांगतो. मी मालकांना विचारलं, किती जणांना शब्द दिला. त्यांनी बोटांवर मोजलं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची चार लागली.

तो हप्ता मी कसा काढला ते आठवून आता मला त्या बाईची कीव येते. घर पाहुण्यांनी भरलं. बाया हळद कुटत होत्या, आलू-वांग्यांचे ढीग पडले होते, आचारी चुलीची जागा मागत होता, आणि ही बाई भाषणं करणाऱ्यांना एकेकाला गाठून सांगत होती, "दादा, गर्मी लई हाय, थोडक्यात बोलजा." शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, मी थोडक्यातच बोलतो." चाळीस मिनिटांच्या खाली ते कधी बसलेले मी पाहिले नव्हते. गुरुवारी दुपारी सराव होता. टीव्हीसमोर माझ्या दोन नणंदा मालिका पाहत बसल्या होत्या. मी दोनदा त्यांच्यापुढून गेले, तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला बसले. मोठी नणंद म्हणाली, "पोरगी जाणार म्हणून रडून राहिली बिचारी." कांदे होतेच समोर.

मुलगी मात्र शांत होती. मांडवासाठी जनरेटर सांगितला होता. शनिवारी तो आला तेव्हा ती स्वतः बाहेर जाऊन जनरेटरवाल्याशी बोलली, आणि एक वायर खिडकीतून आतल्या खोलीत आली. कोणी विचारलं तर म्हणाली, "आत बाया तयारी करतीन, पंखा पाह्यजे." पंखा आलाच. पंख्याबरोबर लहान टीव्हीही आला आणि साड्यांच्या गाठोड्यामागं बसला. तारांचं मी काही विचारलं नाही. त्याच संध्याकाळी केबलवाला पत्रावळी मोजायला आला होता, तो जाता जाता मला म्हणाला, "मॅडम, उद्या साडेपाच ना? ताईनं सांगतलं. मी जेवाले उशिरा येईन."

रविवारी वरात साडेतीनला आली. जयभीम झाले, पाणी झालं, चार वाजता लग्न लागायचं ते पाच वाजायला दहा कमी असताना लागलं. पांढऱ्या साडीत मुलगी इतकी सुरेख दिसत होती की मी दोन-तीन मिनिटं खरोखर सगळं विसरले. मग भाषणं सुरू झाली. मी आणि मालक स्टेजवर बाजूच्या खुर्च्यांत. माझ्या घड्याळाचा काटा मला पदराआडून दिसत होता. पहिले तिघं पाच-पाच मिनिटांत बसले. हेडमास्तरांनीही वीस मिनिटांत आवरलं. मला वाटलं, माझ्या सांगण्याचा मान ठेवला. नंतर कळलं, त्यांना पुढं दुसऱ्या लग्नात बोलायचं होतं.

साडेपाचला दोन मिनिटं होती तेव्हा इवाई उठले. ते यादीत नव्हते. माईक हातात घेऊन म्हणाले, "मले भाषण येत नाही. एकच गोष्ट सांगतो." आणि त्यांनी माझ्या आणि त्यांच्या धानाची गोष्ट सांगितली. मार्चमध्ये आपण तारीख काय मागितली, इहीनबाईंनी काय विचारलं, ग्लास कुठं ठेवला होता, सगळं. गेल्या रविवारी त्यांचं धान खळ्यावरच होतं म्हणे. त्या दिवशी लग्न असतं तर माणसांचे हाल झाले असते. "माणसाची किंमत," ते म्हणाले, "तो दुसऱ्याच्या कामाची किती किंमत करते त्याच्यावरून होते." मांडवातल्या पाच-सहाशे माणसांनी माझ्याकडं पाहिलं. टाळ्या वाजल्या. साडेपाच झाले, पाच पस्तीस झाले. तिकडं, समुद्राकाठच्या त्या शहरात, पाच लाल दिवे लागून विझले असणार. मी हात जोडून बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालकांनी रुमाल पुढं केला आणि ओठ न हालवता म्हणाले, "अजून रडू नको, अजून पाच जण बाकी हायेत."

त्या पाण्याबद्दल मला पुष्कळ वर्षं लाज वाटली. इवाई मनापासून बोलत होते, आणि मी एका मोटारीसाठी चुळबुळत होते. पण मुलगीही त्याच मिनिटाला माझ्याकडं पाहत होती, आणि तिचे खांदे हलत होते. सगळ्यांना वाटलं तीही रडते आहे. ती हसत होती.

सव्वासहाला ती साडी बदलायला आत गेली. पाच मिनिटांनी एक पुतणी मला बोलवायला आली, "काकू, ताई म्हणते आईच पाह्यजे, निऱ्या नाही बसून राहिल्या." मी आत गेले. मुलीनं दाराला कडी लावली आणि गाठोडं बाजूला सारलं. टीव्ही सुरूच होता, आवाज बंद. पांढरी साडी काढून पलंगावर ठेवलेली, सासरची साडी अर्धी नेसलेली, हार खुंटीला. आम्ही दोघी पलंगाच्या काठावर बसलो.

"माझावाला कुठं हाय?" ती म्हणाली.

"दिसून नाही राहिला. माझाबी नाही."

"थांब, तो पाह्य, बोगद्यातून निघाला."

निळ्या-पांढऱ्या रंगाची एक गाडी पुढं होती. तिच्या मागं एक चंदेरी, तिच्याही मागं लाल. कोणी कोणाला मागे टाकू शकत नव्हतं. सगळे एकामागं एक, वरातीसारखे. ते वळण आलं. एकेक गाडी हळू झाली, वळली, गेली. मुलगी म्हणाली, "आई, तुझं वळण." मी तिच्या निऱ्या बसवत होते. त्या खरंच बसत नव्हत्या.

अशा सात-आठ फेऱ्या आम्ही पाहिल्या असतील. वडे नव्हते, भांडण नव्हतं. मग बाहेर वऱ्हाडाच्या गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा, आणि दारावर बायांच्या थापा पडल्या. पवनीची वाट दोन तासांची. ती उठली. पदर मी खांद्याला पिन लावून बसवला. दाराशी जाऊन ती मागं वळली आणि अगदी हळू म्हणाली, "तू पाहून ठेवजो. उद्या फोन करतो, सांगजो मले."

मी हो म्हटलं.

गाडी निघाली, वळणावरून दिसेनाशी झाली. तिथं गाडीचा वेग माझ्या मोपेडहूनही कमी होता. मी परत येईपर्यंत जनरेटरवाल्यानं जनरेटर बंद करून वायर गुंडाळायला घेतली होती. त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. त्याला थांबवता आलं असतं. ट्रॅक्टरची बॅटरीही होती. मी आत जाऊन पलंगावर बसले आणि पांढऱ्या साडीची घडी घातली. मग एकदा उलगडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन आला. नणंदा, जावा, मालक, सगळे फोनभोवती गोळा झाले. सासरहून पोरीचा पहिला फोन. मोठी नणंद म्हणाली, "इचार, नीट झोप लागली का." पलीकडून मुलीचा आवाज आला, दबलेला, तिकडंही माणसं असणार. "आई, कोण?"

वर्तमानपत्र आमच्याकडं दुपारच्या गाडीनं यायचं. मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुझावाला."

"खरं?"

"खरं. शेवटी गेला पुढं. त्याच वळणावर."

"मायबाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. नणंदेनं विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं, झोप लागली म्हणते.

दुपारी पेपर आला. निळ्या-पांढऱ्या गाडीवालाच जिंकला होता, शेवटपर्यंत पुढंच राहून. चंदेरीवाला त्याच्या मागं, लालवाला त्याच्याही मागं. त्या वळणावर कोणी कोणाला मागे टाकलेलं नव्हतं. तिथं टाकता येतच नाही, हे शर्यत पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. पाच दिवसांनी ती परतवणीला माहेरी आली. तिच्या सासरीही तोच पेपर येतो, हे मला तिच्या बोलण्यातून कळलं. जिंकण्या-हरण्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही काढलं नाही. इवाई मात्र अजून भेटले की कोणाही पाहुण्याला माझी ओळख करून देतात, "ह्यायनं आमच्या धानासाठी लगन थांबवलं होतं." मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

यंदाही दोघी मायलेकी आल्या आहेत. परवाची गोष्ट. नात चहा पिता पिता म्हणाली, "आजी, आईच्या लग्नाच्या दिवशीच ती रेस होती ना? कोण जिंकलं होतं मग?"

स्वयंपाकघरातून माझ्या मुलीचा आवाज आला. ती लाखोरीची डाळ वाटत होती, मान वर न करता म्हणाली, "माझावाला. शेवटी गेला पुढं. त्याच वळणावर."

"त्या वळणावर ओव्हरटेक होतच नाही," नात म्हणाली आणि मोबाईल उघडून शोधायला लागली.

"ठेव तो," मी म्हटलं. "आधी मागच्या झाडाच्या चार कैऱ्या तोडून आण. पन्हं कोण करणार?"